मानशीची पावणी

देवळाच्या मंडपात बसून मी पावणी लिहितो.
आजोबा मेणबत्ती लावत.
वात विझताना ज्याचा आवाज शेवटचा,
मानस त्याची:
वर्षभर दारापाशी जाळं टाकायचा हक्क.
त्या पैशातून बांधाला चिखल.
खारं पाणी बाहेर, कोरगुट आत,
उरेल ते जणांत वाटायचं.
गावाचं अर्थशास्त्र एवढंच होतं.

वह्यांत सगळं आहे.
आधी मोडी, मग पोर्तुगीज, मग माझं किरटं अक्षर.
'बांध फुटला. तीन रात्री ढोल वाजवून माणसं जमवली.
खर्च: नारळ बारा, हुर्राक दोन कळशा.'
अठ्ठावन्न सालच्या पानावर नुसतं:
'माणसं मिळाली नाहीत.'
डोंगरावर तेव्हा रोकडा मिळू लागला होता.

डोंगर बार्जीत बसून जपानला गेला.
रंग आमच्याकडे ठेवून गेला.
तांबडी धुणी, तांबडी भाजी,
शेतात गुडघाभर तांबडा गाळ.
गुणो पेडणेकराने टिप्पर घेतला तेव्हा
बोनेटावर नारळ मीच फोडला होता.
हप्ते फिटायला आले आणि खाणी बंद झाल्या.
मग त्या टिप्परात त्याची कोंबडी बसायची, अंड्यांवर.

आता बोली चढतेय.
म्हापशाचा कोणी शिरसाट, पांढरे बूट.
त्याला सुंगटं हवीत, जिताडे हवेत.
भाताचं नाव कोणी काढत नाही.
'बांधाचं काय?' मी विचारतो,
वहीत रकाना आहे म्हणून.
'तो फुटतो हो आपणहून,' मागून कोणी हसतं.

तीन लाख, शिरसाट.
तीन लाख दहा हजार.
गुणो.
खांबाआडून, हात वर न करता.
'तुला रे कशाला मानस?'
'टिप्पर भंगारात घातलाय. पैसे आहेत.'
'मासळीचा धंदा करतोस?'
'भरतीला दार लावीन. वेळेवर.'

शिरसाटाने तोंड उघडलं
आणि वीज गेली.
पंखा दोन वेढे फिरला, थांबला.
कोणी मोबाईल चाचपत होतं,
कोणी सरकारला शिव्या देत होतं.
बोली कोणीच देत नव्हतं.

मेणबत्तीचा नियम आजवर कोणी खोडलेला नाही.
मी पाहिलंय, पान सत्तेचाळीस.
अंधारात अक्षर जरा तिरकं आलं,
पण वाचता येतं: गुणो पेडणेकर.

हरकत असल्यास पंधरा दिवसांत.
लेखी.