सदतीस

म्हापशाला, शुक्रवारच्या बाजारामागं,
केरकरांच्या छापखान्यातला जुना मॅक
सुरू होताना आधी तारेवर विचारतो :
सदतीस कुणाचा आहे?
कुणी बोललं नाही, तर त्याचा.

पूर्वी पलीकडून इनासियोचं मशीन हरकत घ्यायचं.
मग हा मुकाट दुसरा आकडा बघायचा.

आकड्याच्या आत पुन्हा दारं, दोनशे चोपन्न.
दोनवर नावं विचारायची.
चारवर जे टाकाल तेच परत.
लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, निधनाची कार्डं,
सगळं त्या एका पिवळट वायरीतून.

इनासियो स्विंडनला.
वायर भिंतीत तशीच, चुन्याखाली.

आज त्याच्या चारवर हाक टाकली.
सहा वेळा.

सदतीस मात्र
पहिल्याच फटक्यात मिळाला.