ऑर्विल, तू लवकर निघालास

सातवा डाव संपला आणि तू उठलास.
सहा–दोन. "गेला सामना," म्हणालास,
"आता निदान पार्किंगमधली गर्दी तरी चुकवू."
गुडघ्यांवर हात रोवून उभा राहिलास
आणि उरलेल्या शेंगांची पुडी
खुर्चीवर ठेवून गेलास, माझ्यासाठी.

तुला दोष देत नाही.
एकतीस वर्षं टायरच्या कारखान्यात
आपण दोघांनी भोंगा व्हायच्या आधीच हात धुतलेत.

तू गेलास आणि सरोवरावरून किडे आले,
ते एकरात्री, काचेसारख्या पंखांचे,
जूनमध्ये इरीच्या पाण्यातून उठतात
आणि दिव्यांच्या खांबांवरून जीव ओवाळून टाकतात.
पायऱ्यांवर सडा. पायाखाली कुरकुर.
तुझ्या खुर्चीपाशी एक बाई आली.
बसण्याआधी पुडी उचलून माझ्या हातात दिली,
कुणाची हरवलेली वस्तू परत करावी तशी.

नववा डाव. दोन गडी बाद. बेसवर कुणी नाही.
झाडूवाला खालच्या रांगेत कामाला लागलेला.
मग आपल्या हडकुळ्या टिबेट्सच्या बरगडीत चेंडू बसला
आणि तो कण्हत, हसत पहिल्या बेसवर गेला.
मग एक फटका; फटका कसला,
बॅटच्या मुळाशी लागून चेंडू गवतात लोळत राहिला,
कुणाच्याच हाती लागेना.
मग चार चेंडू बाहेर. बेस भरले.
झाडूवाल्याने झाडू भिंतीला टेकवला.

त्यांनी पिचर बदलला.
विशीतलं पोर, कान टोपीबाहेर,
पाठीवरचा आकडा पाठीपेक्षा मोठा.
मी ओरडलो. तू असतास तर तूही ओरडला असतास.
पाहुण्या पिचरच्या आयांचा उद्धार करण्यात
आपण पहिल्यापासून पटाईत.
शेजारची बाई हळूच म्हणाली, "विल्किन."
छातीवर हात ठेवला. "माझा."

आता सांग, मी तोंड कुठे लपवायचं होतं?
बानी नावाच्या गावाहून आली होती,
दोन विमानं आणि रात्रभराची बस;
बोटांनी सांगितलं तिने. तीन बोटं: वर्षं.
इतक्या वर्षांनी बघत होती त्याला,
तेही जाळीआडून, एवढासा.

विल्किनचे पहिले चारही चेंडू धुळीत.
सहा–तीन.
पुढचा फटका दोघांच्या मधून. सहा–पाच.
सगळं मैदान उभं. मीही उभा, सवयीने.
ती बसलेली, देव पाण्यात घालून बसावं तशी.
खांद्यावर तीन किडे. तिने झटकले नाहीत.

मग आला प्रूइट. होय, तोच,
तुझा तो लाकडी गुडघ्यांचा,
ज्याने मे महिन्यापासून चेंडूला नुसता वारा घातलाय.
दोन स्ट्राइक.
आणि तेव्हा, ऑर्विल, हे कुणाला सांगू नकोस,
मला वाटलं, हुकावा याचा.
जन्मभर निळ्या टोपीसाठी घसा फोडला
आणि ऐन वेळी मी फितूर झालो.

नाही हुकला.
उजव्या रेषेवरचा चुना उडवत चेंडू गेला,
कोपऱ्यात जाऊन बसला.
एक आला. दुसरा पोटावर घसरत आला.
सात–सहा!
फटाके लावणाराही घरी जायच्या तयारीत असावा,
ते अर्ध्या मिनिटाने उडाले.
कुणाची तरी बिअर माझ्या मानेतून पाठीवर,
झाडूवाल्याने मला मिठी मारली,
आणि मैदानाच्या मधोमध विल्किन
हातमोज्यात बघत उभा,
चेंडू अजून तिथेच असेल, तसा.

मी पुडी पुढे केली. दुसरं काय होतं माझ्याकडे?
तिने एक शेंग घेतली, फोडली,
एक दाणा तोंडात टाकला,
एक माझ्या तळहातावर ठेवला.
मग पायऱ्या उतरून जाळीपाशी गेली,
त्याला हाक मारत,
दिवेलागणीला पोरांना जेवायला बोलावतात
त्या आवाजात.

पार्किंगमधून निघायला सव्वा तास लागला.
काचेवर किड्यांचा चिखल, वायपर चालेना.
तेवढं तुझं बरोबर होतं.