जडवस्तू संग्रह नोंदवही

कोकण भवन, बेलापूर.
जिन्याला लागून असलेली खोली.
काल संध्याकाळी सोपाननं पाटी उतरवली.
चार स्क्रूंची भोकं उरली
आणि पाटीएवढा चौकोन,
दाराच्या जुन्या, खऱ्या रंगाचा.

मी नोंदवही भरतोय.
लोखंडी टेबल, दोन.
फिरती खुर्ची, एक. शेरा: फिरत नाही.
टेलिफोन, एक. सुस्थितीत.
पंखा इमारतीचा, तो आपला नाही.
सात वर्षं अंगावर घेतलेला त्याचा वारा
कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अपप्रचार प्रतिबंध कक्ष.
हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांची बदली झाली सिंधुदुर्गला.
मागे आम्ही तिघं.
मोरब्याच्या पाण्यात विष नव्हतं
हे आम्ही सांगितलं रात्री अडीच वाजता,
नेरूळमध्ये लोक भरलेल्या बादल्या
मोरीत ओतत होते तेव्हा.
तुर्भ्याच्या मार्केटात प्लास्टिकचा तांदूळ नव्हता.
घणसोलीतल्या त्या दोघी मुलं पळवणाऱ्या नव्हत्या,
साड्या विकायला आल्या होत्या खानदेशातून.
सबनीस बाई स्वतः गेल्या, पोलिसांच्या आधी,
गर्दीत शिरून ओरडल्या,
परत आल्या तेव्हा पायात एकच चप्पल होती.
दुसरी
मी कुठल्या पानावर घेऊ?

शिक्का, रबरी, एक: खरे.
शिक्का, रबरी, एक: खोटे.
पहिल्याच्या कडा अजून कोऱ्या आहेत.
दुसरा झिजलाय,
ख मधली पोकळी शाईनं बुजून गेलीय.

आणि हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो.
दिवाळे गावातून चांगुणाबाई आली होती,
पिशवीत मेलेली बोयटं घेऊन.
पहाटे खाडीभर पांढरी पोटं तरंगत होती म्हणाली.
तिच्या नातवानं काढलेला फोटो
तोवर पनवेलपर्यंत पोचला होता.
वरून फोन आला:
फोटो जुना आहे, दुसऱ्या राज्यातला आहे, असं लिहा.
मी लिहिलं.
शिक्का मीच मारला.
तिनं कागद उलटा धरला, मग सुलटा,
मग पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.
"मंग ही बोयटां पन खोटी हान का?"

तीन दिवस खोलीत वास होता.
चौथ्या दिवशी सबनीस बाईंनी उदबत्ती लावली,
माझ्याकडे न बघता.

म्हणून कक्ष मोडीत काढतायत हे ऐकलं तेव्हा
मला नेमकं काय वाटलं
ते मी पडताळलेलं नाही.
खाली चहाच्या टपरीवर दोघं टाळ्या देत होते,
बरं झालं, खरं काय ते सरकार कोण सांगणार!
बरोबरच होतं त्यांचं.
त्यातल्या एकाच्या मोबाइलवर
मोरब्याचं पाणी पुन्हा विषारी झालं होतं.

पावणेसहाला टेलिफोन वाजला.
सोपान वायर गुंडाळायला वाकला होता, तसाच थांबला.
सुस्थितीत लिहून बसलो होतो,
उचलावा लागला.
कोपरखैरण्याहून एक म्हातारा आवाज.
"तुमचं हापिस बंद झालं असा मेसेज फिरतोय.
खरं आहे का हो?"

आदेशाची प्रत आलेली नव्हती.
प्रत हातात नसेल तर आम्ही
खरंही म्हणत नाही, खोटंही.
सात वर्षांची सवय.
"तपासून सांगतो," मी म्हणालो.

"सावकाश तपासा," ते म्हणाले,
"मी धरून आहे."

रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवलाय.
त्यातून कोणाच्या तरी घरातली
कुकरची शिटी ऐकू येतेय.
सोपान वायरीचं टोक हातात घेऊन
माझ्याकडे बघतोय.