फुगवटा

सोलकरचाचा पहिल्यांदा माईघाटावर आले
तेव्हा पाण्यात बोट बुडवून त्यांनी चाखलं.
अळणी, म्हणाले,
दवाखान्यातल्या पेजेसारखं.
मग विचारलं, भरती किती वाजता?

मी हसलो.
आमची भरती फोनवर येते, चाचा.
कुणी साहेब सांगतो, खालचा बंधारा अडतो,
आणि नदी आली त्या वाटेनं
मागं मागं चढायला लागते,
काही विसरल्यासारखी.
फुगवटा म्हणतो आम्ही.
त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला
आणि खिशातल्या वहीत लिहिला.

होडी मी विकली होती अंकलखोपच्या एकाला,
वैरण आणायला.
टेम्पोवाला अडीच हजार म्हणाला.
चाचा म्हणाले, होडी रस्त्यानं न्यायची
म्हणजे जित्या माणसाला खांद्यावरून न्यायचं.
आणि शीड शिवायला बसले,
निम्मं ताडपत्रीचं, निम्मं गेल्या निवडणुकीच्या बॅनरचं.
हात जोडलेला उमेदवार, खाली डोकं वर पाय,
सगळ्या कृष्णेला नमस्कार करत निघाला.

आयर्विनखालून डोलकाठी सहज गेली.
वारा मिरजेकडून, थेट पाठीवर.
सांगलीवाडीची पोरं काठानं पळत आली,
वल्ही कुठायत, वल्ही कुठायत, ओरडत.

पुढच्या बंधाऱ्यावर रायगोंडा चौकीदार
तंबाखू मळत बसलेला.
सगळ्या गाळ्यांत बरगे बसलेले, एक सोडून.
त्या एकातनं पाणी येत होतं
सिनेमा सुटल्यावर एकाच दारातनं माणसं यावीत तसं.
थांबा जरा, तो म्हणाला, खालचं पाणी चढतंय.
वरचं-खालचं बरोबरीला आलं की
पाव तास घावंल.
पाचला मी शेवटचे बरगे टाकणार.

बाभळीला दोर बांधून थांबलो.
चाचा सांगू लागले,
बोटीवर खलाशी होते तेव्हाचं,
कुठल्याशा सामुद्रधुनीतलं.
घंटा वाजली. गाड्या थांबल्या.
आणि डांबरी रस्ता, मधल्या पांढऱ्या पट्ट्यांसकट,
आभाळाकडं उभा राहिला.
कशासाठी?
एका शिडासाठी. तुझ्या होडीएवढ्याच.

मी वर बघितलं.
काँक्रीटचा स्लॅब, खाली पाकोळ्यांची घरटी.
हा काही उठणार नव्हता कुणासाठी.
चाचांनी पाचर काढली,
डोलकाठी आडवी केली,
उमेदवाराची घडी घालून बुडाखाली घेतली.

पाणी रायगोंडाच्या चुन्याच्या खुणेला टेकलं.
जलपर्णीचा एक पुंजका गाळ्याच्या तोंडाशी आला
आणि त्याला कळेना जावं कुठं.
आता, चाचा म्हणाले.

आत अंधार. शेवाळाचा वास.
दोन्ही बाजूंना वीतभर जागा.
तळहातांनी भिंत ढकलत गेलो,
बरग्यांच्या खोबणी बोटांना लागल्या,
थंड, दाढेतल्या खड्ड्यासारख्या.
वीस वर्षं सायकल मारली या बंधाऱ्यावरून,
याला पोट असतं हे माहीत नव्हतं.

बाहेर उन्हात आलो तर वर सगळं गप्प.
उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलेलं,
दोन पोरी सायकलवरून उतरलेल्या,
दूधवाला कठड्यावर ओणवा.
पूल उघडला नव्हता,
पण रस्ता थांबला होता.
चाचांनी वर बघून कपाळाला हात लावला.

मागं बरगे पडू लागले.
धप्. मग बराच वेळ काही नाही. धप्.
होडी आता परत येणार नव्हती.
मी येणार होतो, सातच्या एसटीनं,
तरी मोजत राहिलो.

काठी उभी राहिली. शीड भरलं,
उमेदवाराचे गाल फुगले.
चाचांनी वही काढली.
उद्याची भरती किती वाजता?

रायगोंडाचा नंबर आहे, म्हटलं.
विचारून सांगतो.