सुट्टीतला समुद्र

उद्यमनगरात, दस्तगीरमामाच्या लेथखाली
कुलंटचा ट्रे. दुधट पाणी. तोच समुद्र धरला.

चार बोल्ट उभे केले : हे जॅकेट, मामा.
पाय तळात ठोकलेले, वादळाला भीक घालत नाही.
पण विहीर आटली तरी उठून जाता येत नाही.

नटावर नट चढवत : हा जॅक-अप.
पाय सोडतो, अंग वर घेतो,
काम संपलं की पाय गोळा करून पुढच्या गावाला.
शंभर-सव्वाशे मीटरपुढं मात्र पाय पुरत नाहीत.

मग ग्रीसच्या डब्याचं झाकण सोडलं, सुतळीनं बांधून.
खोल पाणी हिला चालतं.
लाट चढली की ड्रिलिंग बंद,
भाड्याचा मीटर चालू.

"तू कशावर?"
"झाकणावर. अठ्ठावीस दिवस."

मामानं किसानं काळं झालेलं बोट
पहिल्या बोल्टावर ठेवलं.
"आणि ह्यो काढताना रं?"
"कापायचा. तळाच्याही खालून.
बसवण्यापेक्षा काढणं अवघड."

मामा वाकून लेथच्या बुडाशी बघत राहिला.
चौऱ्याऐंशी साली काँक्रीटमध्ये गाडलेले बोल्ट.
खिळ्याला रस्तारुंदीची नोटीस.

"पाना लागत न्हाई आता ह्यास्नी,"
म्हणाला, आणि मशीन चालू केलं.
झाकण हललं.