कड

तीस वर्षं तुलचाच्या इस्पितळात
मी माणसं आतून पाहिली.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
कोळ्यांच्या बरगड्या, गिळलेली नाणी,
घशात आडवा गेलेला माशाचा काटा,
सगळं काळ्यावर पांढरं.
निवृत्त होताना त्यांनी घड्याळ देऊ केलं.
मी मागितले तीन ट्रे, लाल दिवा,
आणि तारीख उलटून गेलेल्या औषधांच्या बाटल्या.

आता पांढऱ्यावर काळं करते.
लिहिता येत नाही म्हणून पक्षी.

पहाटे चारला सावेली नाव सोडतो.
दाढी छातीपर्यंत;
आम्हा लिपोवनांत तिला कात्री लावणं पाप.
डॅन्यूब इथे नदी राहत नाही,
फाटे फुटत फुटत नुसता बोरू होते.
सावेली म्हणतो, पाणकावळा मुळातच काळा,
त्याला आणखी काळा करायला
मी दोन तास वल्ही मारायची?
मी म्हणते, सूर्य त्याच्या पाठीशी येऊ दे.
तो म्हणतो, सूर्यच तेवढा राहिलाय.
बाकी सगळे आहेतच त्याच्या पाठीशी,
पार बुखारेस्टचे साहेबसुद्धा.
जाळ्याच्या पाठीशी कोण?
तू कोणाची कड घेतेस, एवदोकिया?

कडच तर घेते.
आतलं काही घेत नाही.
उजेड मोजायचा तो आकाशाचा,
पक्ष्याला खुशाल बुडू द्यायचं.
चोच छातीवर आली तर फोटो गेला,
म्हणून मान वळेपर्यंत थांबायचं,
बोट बटणावर, पाय गारठलेले.
दोन पक्षी एकमेकांत मिसळले
की पक्षी उरत नाहीत, गाठ दिसते,
आणि गाठी मी पुष्कळ पाहिल्यात.

मेलेल्या वाळुंजावर त्या दिवशी एकच होता,
पंख उघडून,
ओला कोट वाळत टाकावा तसा.
मान वळली. मी दाबलं.

रात्री ट्रेमध्ये तो हळूहळू वर आला,
आधी पंख, मग फांदी,
मग चोचीखाली केसाएवढी रेघ.
वाटलं, निगेटिव्हवर ओरखडा.
भिंग लावलं. ओरखडा नव्हता.
मोडलेलं हाडही असंच दिसतं,
डॉक्टरांच्या आधी मला दिसायचं.
तंगूस होतं. चोचीला दोन वेढे,
आणि खाली लोंबतं टोक.
रंगीत फोटोत ते पानांत हरवलं असतं.

सावेलीने प्रिंट ओल्या हातांनीच धरली.
(हे मला अजिबात चालत नाही. काही बोलले नाही.)
बराच वेळ पाहिली.
लांब धरली, जवळ धरली.
म्हणाला, चोच छान आलीय.
मग म्हणाला, तुटलं की आम्ही
पाण्यातच सोडतो.
बायकोने सूप आणलं. माशाचंच.

दुसऱ्या दिवशी वल्हवताना तो कुरकुरला नाही.
पायाशी चाकू होता आणि लांब दांड्याचं झेलं.
वाळुंजावर अकरा पाणकावळे,
सगळे आमच्याकडे पाठ करून,
सगळे सारखेच काळे.
अकरांतला तो कोणता?
थांब, सावेली कुजबुजला, मान वळवू दे.
आणि तोही श्वास धरून बसला,
मी न सांगता.

एक वळला. चोच स्वच्छ.
दुसरा. तिसरा.
सातव्यापर्यंत ऊन वर आलं,
माझं काम संपलं, उजेड सपाट झाला.
कॅमेरा पिशवीत टाकला.
उरलेल्यांच्या पाठीवर तेव्हा
कांशाचा, शेवाळाचा, कुठेकुठे
बाटलीच्या काचेचा रंग चढत होता.

हे काळे नाहीतच गं, सावेली म्हणाला,
साठ वर्षं शिव्या घातलेल्या आवाजात.
मग डोळ्यांवर आडवा हात धरून
आठव्याची वाट बघू लागला.