रिकाम्यावर

हुंडेकरींनी काउंटरवर हिरवी बनात अंथरली
आणि दोन्ही शेजारी ठेवल्या, पंगतीत पानं मांडावी तशा.
उजवीकडे कानपूरची नवी, ग्रीसमध्ये न्हालेली,
डावीकडे जुनी. निम्म्या किमतीला.
"दोन्ही बावीस बोअर. धक्का नाही, आवाज बेताचा.
तुम्हाला काय, शनिवारचा पगार न्यायचा.
दाखवायला बास की."

परवाना खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत.
चौदा महिन्यांचे हेलपाटे,
शेजाऱ्यांचे जबाब, डॉक्टरचा दाखला
की मी डोक्यानं ठीक आहे.

माझा जन्म जुन्या मालावर गेला.
आठही माग जुने, इचलकरंजीहून ट्रकवर बांधून आणलेले.
जुना माग घेताना मी रंग बघत नाही,
अंगठा फिरवतो धोट्याच्या पेटीवरून.
लाकूड कुठं झिजलंय त्यावरून कळतं
चालवणारा डावखुरा होता, का घाईचा,
का मालकावर रुसलेला.

तसाच फिरवला सिलिंडरवरून.
आठ घरं.
आठही घरांच्या काठाला बारीक खाच,
नखाला अडेल एवढी.

हुंडेकरींनी चष्मा काढून पुसला.
"ह्या गोळीचा बार कडेला असतो.
घोडा मधे नाही, काठावर बसतो.
गोळी असली तर गोळी मार खाते,
नसली तर काठ.
म्हणून रिकाम्यावर चाप ओढायचा नसतो."

"मग कोण ओढलं?"

"चांगला माणूस हो. पाटबंधारे खात्यातला.
तीस वर्षांत एक गोळी उडवली नाही.
वारल्यावर मुलीनं आणून जमा केली."

एक गोळी नाही,
आणि खाचा आठ.

नवी पेठेतून अशोक चौकापर्यंत चालत आलो,
स्कूटर दुकानासमोरच राहिली.
तो माणूस कॉटच्या कडेवर बसत असणार
घरातले झोपल्यावर.
टक्. घर फिरवायचं. टक्.
कुणाकडे रोखून?
कॅलेंडरकडे, साहेबाकडे, पालीकडे.
लाकूड असतं तर सांगितलं असतं,
लोखंड तेवढं बोलत नाही.

भूदेवी शेंगा कुटत होती.
ऐकून घेतलं सगळं, मुसळ न थांबवता.
"जुनं पातेलं आणलं तर कल्हई करतो आपण.
ह्याला कल्हई कुठं करतात?"
"मग नवी घेतो."
"घ्या. नवीला तुमची सवय लागंल."

मल्लेशम म्हणतो, फोनवर टाका की मालक पगार,
नोटा कोण नेतंय बे आता.
खरं आहे. मी हसलो.
त्याला सांगितलं, विचार करतो.

त्याला हे माहीत नाही
की अक्कलकोट रोडला, मागच्या आषाढात,
दोन पोरांनी पिशवी मागितली तेव्हा
मी ती दोन्ही हातांनी दिली,
आहेर द्यावा तशी.
वर म्हणालो, "सावकाश जावा."

पोलिसांना हे शेवटचं वाक्य सांगितलं नाही.
भूदेवीलाही नाही.

रात्री वीज जाते, माग थांबतात,
आणि कानात खटखट उरते ती माझीच असते.
ती पोरं येतात, पिशवी मागतात,
ह्या वेळी मी वेगळं काहीतरी म्हणतो.
चादरीखाली उजवं बोट वाकतं.
परत पिशवी मागतात.
परत.

काल पहाटे भूदेवीनं ते बोट धरलं,
काही न विचारता, मुठीत घेऊन झोपली.
सुटलं तेव्हा बघितलं उजेडात:
काठावर खाच वगैरे काही नाही,
हळदीचा डाग होता तिच्या हाताचा.

परवान्याची मुदत मार्चअखेर.
हुंडेकरींनी दोन्ही बाजूला काढून ठेवल्यात,
चिठ्ठीवर माझं नाव लिहून.
स्कूटर आणायला तरी जावंच लागेल.